बंगल्याचें कुत्रें आणि खारेपाटाचा बांध

भात कापून झालें, खळीं आटोपलीं आणि बांधाच्या आंत वालाचीं रोपें दोन पानांवर आलीं कीं, रेवस, बोडणी, मिळकतखार, सारळ या आमच्या बाजूला पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. पाहुणा म्हणजे मुंबईचा बंगलेवाला. दारीं आलेल्याला पाणी न देतां परत पाठविण्याची आमच्या आगरी, कोळी, कुणब्यांच्या घरांत रीत नाहीं, आणि ती पडावी असें आम्हांस वाटतही नाहीं. परंतु अलीकडे पाहुण्याबरोबर त्याचें कुत्रेंही येतें, आणि तें बंगल्याच्या आवारांत न हिंडतां आमच्या शेतांत हिंडतें. सकाळीं एकदां, संध्याकाळीं एकदां. याविषयींच्या तक्रारी इतक्या जणांनीं आमच्या कानांवर घातल्या आहेत कीं, या आठवड्याची अग्रलेखाची जागा आम्ही कुत्र्याला देत आहों. विषय हलका आहे असें ज्या शहाण्यांना वाटेल, त्यांनीं अमावास्येच्या उधाणाला बाहेरकाठ्यावर येऊन उभें राहावें, म्हणजे त्याचें वजन कळेल.

मुंबईकराला रेवस हें नांव पूर्वीं दोनच गोष्टींनीं ठाऊक होतें. एक, भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच. आणि दुसरी, १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला येतांना बुडालेली रामदास बोट, जिच्यांत सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आतां तसें राहिलें नाहीं. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली आणि मोटार बोटींतूनच उतरूं लागली. मोटारीच्या मागच्या बैठकीवर कुत्रें. १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें. रेवस-करंजा पुलाची गोष्ट बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हांपासून, म्हणजे १९८०-८२ पासून, आम्ही ऐकत आलों आहों, आणि आतां तोही मनावर घेतला गेला आहे. दळणवळण वाढावें, आमच्या तालुक्याच्या पांढऱ्या कांद्याला, वालाला, सुक्या मासळीला गिऱ्हाईक जवळ यावें, याच्या आड आम्ही नाहीं. माल जाईल त्या रस्त्यानें माणूसही येणारच. माणसाबरोबर शिस्त येईल अशी अपेक्षा होती. ती मात्र बोटींत जागा न मिळाल्यामुळें मुंबईस राहिली असावी.

हेच गृहस्थ मुंबईंत कसे वागतात तें पाहा. तेथें कुत्रें पाळण्यास महानगरपालिकेचा परवाना लागतो. रस्त्यावर त्यानें घाण केली तर दंड होतो, म्हणून मालकाच्या हातांत पिशवी असते. शेजाऱ्यानें तक्रार करूं नये म्हणून गळ्यांतला पट्टा सुटत नाहीं. तेंच कुत्रें मांडव्याच्या धक्क्यावर उतरलें कीं पट्टा निघतो आणि पिशवी मोटारींत राहते. कारण काय, तर म्हणे येथें मोकळें रान आहे! ज्या जमिनीच्या एकेका गुंठ्यासाठीं भावाभावांत तंटे होतात, जिच्या बांधाला दर वर्षीं हातानें चिखल लावावा लागतो, ती चार महिने हिरवी दिसली नाहीं कीं यांच्या लेखीं रान झाली. शेत हा शेतकऱ्याचा कारखाना आहे. यांच्या कारखान्यांत आमचें एक वासरूं शिरलें तर दारावरचा पहारेकरी काय करील?

आतां वाटेचें पाहूं. गांवनकाशावर पाऊलवाट एका तुटक रेषेनें आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनीं दाखविलेली असते. पाऊलवाटेची रुंदी ८.२५ फूट धरतात. या वाटा आमच्या आज्यापणज्यांच्या पायांनीं पडल्या. त्यांवरून कोणीही जावें. पाहुण्यानें जावें, त्याच्या कुत्र्यानेंही पट्ट्यांत जावें, आमची हरकत नाहीं. परंतु घडतें तें उलटेंच. कित्येक ठिकाणीं बंगल्याच्या दगडी भिंतीनें ही तुटक रेषा गिळली आहे. बाजाराला, समुद्रावर, मसणवटीला जाणारी वाट फाटकाच्या आंत गेली आणि फाटकावर पाटी लागली: आंत येऊं नये, कुत्र्यापासून सावध राहा. आणि ज्यानें आमची वाट बंद केली, तोच आमच्या खाजगी बांधाला वाट समजून त्यावर कुत्रें सोडतो. बांध ही सार्वजनिक वाट नव्हे. शेतकरी शेजाऱ्याला बांधावरून जाऊं देतो तें शेजारधर्मानें. त्या धर्माचा सातबारा कोणाच्या नांवावर चढलेला नाहीं.

खारेपाटाचा बांध म्हणजे काय हें आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाहीं, तें त्यांच्या हाताला ठाऊक आहे. पण पाहुण्याला ठाऊक नाहीं, म्हणून लिहितों. बंगल्यावर कामाला जाणाऱ्या कोणी तरी हा मजकूर त्याला वाचून दाखवावा. खाडीकडचा तो बाहेरकाठा, आंतला तो आंतकाठा. बाहेरकाठ्याच्या एका अंगाला भरतीचें खारें पाणी आणि दुसऱ्या अंगाला आमचें ताट. मधें फक्त चिखल, दगड आणि पिढ्यांचे कष्ट. पावसाचें पाणी ओहोटीला बाहेर जावें आणि भरतीचें आंत येऊं नये म्हणून उघाडी बसविलेली. पूर्वीं जोळ असे. ज्याचें जसें शेत तशीं त्याचीं माणसें बांधाच्या कामाला येत, आणि खांड गेली तर दिवस असो कीं रात्र, सारा गांव चिखल घेऊन धांवे. १९४८ चा खारभूमि कायदा आणि पुढें १९७९ चा खारभूमि विकास कायदा झाला, बांधांचें काम सरकारी खात्याकडे गेलें, जोळ मोडली, आणि बांधांची काय दशा झाली हा वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे.

या बांधाचे जुने वैरी दोन, खेकडा आणि घूस. आमचा शेतकरी बांधावरून चालतां चालतां पायाच्या अंगठ्यानें बीळ चांचपतो आणि चिखलाचा गोळा दाबून पुढें जातो. कुत्र्याला तेंच बीळ म्हणजे खेळ. घुशीचा वास लागला कीं पुढच्या दोन पायांनीं तें माती उकरूं लागतें, आणि मालक मागें उभा राहून त्याचें छायाचित्र काढतो. मुठीएवढें बीळ घमेल्याएवढें होतें. सुक्या दिवसांत त्याचें कोणाला कांहीं वाटत नाहीं. पुढें उधाण येतें, पाणी त्या खड्ड्यांत घुमूं लागतें, आणि सकाळीं पाहावें तों खांड पडलेली. बांध कुत्र्यामुळेंच फुटतात असें आम्ही म्हणत नाहीं. खेकड्याचें आणि खात्याचें पाप कुत्र्याच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. पण दुखऱ्या जागीं नख लावणारा अगदींच निर्दोष कसा? खारें पाणी एकदां शेतांत बसलें म्हणजे मीठ धुवून जायला दोन-तीन पावसाळे लागतात. तेवढ्यांत खांड बुजली नाहीं तर कांदळ उगवतें, आणि कांदळ उगवलें म्हणजे २००५ व २०१८ सालच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांप्रमाणें तें तोडण्यास मनाई. कांदळवन राखणें योग्यच आहे. मासळीचीं पिल्लें तेथें वाढतात हें बोडणीच्या कोळ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्याच्या भाताच्या खाचरांत तें उगवलें त्याचा सातबारा कागदावर राहतो आणि शेत खाडींत जातें.

बोडणीचें नांव आलें म्हणून सांगतों, तेथल्या कोळणींची तक्रार निराळीच आहे. अंगणांत सुकत घातलेल्या जवळ्यावरून कुत्रें एकदां लोळून गेलें कीं तो दिवस गेला. जवळा धुवून पुन्हा सुकवतां येत नाहीं.

आतां एक घडलेली गोष्ट. नांव-गांव सांगत नाहीं, कारण त्या बाईला उद्यां त्याच आळींतल्या बंगल्यांवर धुणें-भांडीं करायला जायचें आहे. गेल्या माघांत तिची गाभण शेळी बांधाच्या खालीं चरत होती. मोटारींतून नुकतींच उतरलेलीं दोन मोठीं कुत्रीं, गळ्यांत पट्टा नाहीं, तिच्यावर सुटलीं. पोटांतल्या ओझ्यामुळें शेळीला पळतां येईना. ओरडा ऐकून माणसें धांवलीं तेव्हां तिची मांडी फाटलेली होती, आणि मालक लांबून कुत्र्यांना इंग्रजींत हांका मारीत होता. कुत्रीं इंग्रजी शिकलेलीं असावींत, पण त्या घटकेला विसरलीं. मग तो जवळ आला, 'मावशी, फार वाईट झालें,' असें म्हणाला आणि पाकीट उघडून किती द्यायचे तें विचारूं लागला. बाई म्हणाली, "पैशे नको, साहेब. दोन दिसांनी येनार व्हती ती. दोन करडां व्हती पोटान." साहेबानें नोटा दगडाखालीं ठेवल्या आणि कुत्र्यांच्या अंगावरचें रक्त धुवायला तो निघून गेला. त्याच्या मतें हिशेब मिटला. शेळीची किंमत त्यानें दिलीही असेल. पण दोन करडें, वर्षभराचें दूध, पुढें विकायचा बोकड आणि त्या बोकडावर ठरविलेला मुलीच्या शाळेचा खर्च, एवढा हिशेब त्या पाकिटांत मावणारा नव्हता.

घाणीविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण कुत्र्याच्या विष्ठेला खत समजणारे आपल्यांतही आहेत. गाईच्या शेणाचें खत होतें, कुत्र्याच्या घाणीचें होत नाहीं. कुत्र्याच्या आंतड्यांत एक बारीकसा पट्टकृमि असतो. त्याचीं अंडीं विष्ठेबरोबर गवतावर आणि भाजीवर पडतात, तेथून शेळीच्या, बैलाच्या, माणसाच्या पोटांत जातात, आणि यकृतांत व फुप्फुसांत पाण्याच्या गाठी धरतात. निओस्पोरा म्हणून दुसरा एक सूक्ष्म जंतु आहे. तो याच मार्गानें पेंढ्याला लागतो, आणि असा पेंढा खाल्लेली गाय गाभ टाकते. घरांतलीं माणसें मात्र कोणाची दृष्ट लागली याचा शोध करीत बसतात. तिसरे अंकुशकृमि. त्यांच्या अळ्या ओल्या मातींत टिकतात आणि उघड्या पायाच्या कातडींत शिरून वळवळीत लाल रेघा उठवितात. ओल्या मातींत उघड्या पायांनीं कोण उभें असतें? बंगल्यांतली बाई नव्हे, लावणीला वाकलेली आमची सून. कुत्र्याला वेळेवर जंताचें औषध दिलें तर हा सारा धोका पुष्कळ कमी होतो. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनीं पाळीव कुत्र्याचें जंताचें औषध, लस आणि नसबंदी यांची जबाबदारी मालकावरच ठेवली आहे.

आणि कित्येक मालक कुत्रें म्हातारें झालें, आजारी पडलें कीं तें येथेंच सोडून परत जातात. १९६० च्या प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें हा गुन्हा आहे. पण बोटींत चढतांना कोणी कुत्र्यांची मोजदाद करीत नाहीं. तें कुत्रें मग गांवाचें होतें, त्याला लस कोण देणार? म्हणून आमच्या वाचकांना बजावून सांगतों. कुत्रें चावलें, मग तें बंगल्याचें असो वा आपलें, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवा आणि सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गांठा. लस तेथें फुकट मिळते. पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशीं टोंचून घ्यावी लागते, आणि जखम खोल असेल तर त्याशिवाय जखमेंत द्यावयाचें वेगळें औषधही लागतें. चुना, मिरची, मंतरलेलें पाणी यांनीं पिसाळरोग जात नाहीं. तो एकदां अंगांत दिसूं लागला म्हणजे माणूस वांचत नाहीं. मांत्रिकाला दिलेला नारळ वांचवा आणि त्या पैशांत रिक्षा करून दवाखान्यांत जा.

या सर्व प्रकरणांतील कडू भाग अजून राहिला आहे. कुत्र्याचा पट्टा बहुधा बंगलेवाल्याच्या हातांत नसतोच; तो आमच्याच पोराच्या हातांत असतो. शेतकरी बांधावरून ओरडतो तो कोणावर? आपल्या पुतण्यावर. पुतण्या म्हणतो, 'काका, मोकळें पळवून आण असा हुकूम आहे, पट्टा लावला तर बाईसाहेब रागावतात.' काका गप्प बसतो, कारण पुतण्याच्या पगारावर भावाच्या घरची चूल आहे. अशा रीतीनें दोघे एकमेकांचे तोंड चुकवितात, आणि ज्याचें कुत्रें तो ओटीवर चहा पीत असतो. खोताचा कारभार आठवणारीं माणसें आतां राहिलीं नाहींत, पण त्यांचे नातू आहेत. आज्यानें सांगितलेलें त्यांनीं आठवून पाहावें. खोत स्वतः शेतावर क्वचितच येई. धान्य मापायला येई तो त्याचा कारकून, आणि तोही बहुधा ओळखीचाच.

याच अलिबाग तालुक्यांत चरीच्या आणि आसपासच्या गांवांच्या कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसतां संप चालविला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. डॉक्टर आंबेडकर त्यांच्या पाठीशीं उभे राहिले आणि १९३७ सालीं त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. आणि याच जिल्ह्यांत, महाडच्या चवदार तळ्यावर, कुत्र्यामांजरांनीं तोंड घातलेलें चाले पण अस्पृश्य माणसाची ओंजळ चालत नसे. ती ओंजळ २० मार्च १९२७ रोजीं भरली गेली. या मातींत कुत्र्यापेक्षां माणूस कमी लेखण्याची खोड जुनी आहे, आणि ती मोडणारींही याच मातींत झालीं. मुंबईकरांना तरी कुत्र्यावरून भांडण्याचा अनुभव कमी नाहीं: जून १८३२ मध्यें सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्यास बक्षीस लावलें, तेव्हां पारशी मंडळींनीं दुकानें बंद करून असा हरताळ पाडला कीं फौज बोलवावी लागली. त्यांनीं कुत्र्यांसाठीं एवढें केलें, मग आम्हीं शेळीसाठीं तोंड उघडलें तर नवल काय?

कायदा काय म्हणतो? १८७१ सालीं गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. कोंडवाडा हें त्याचें लेंकरूं. 'गुरें' या शब्दांत कोण कोण येतें याची त्यांत यादी आहे: म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी, शेळीचें करडूं, इतकेंच काय पण हत्ती आणि उंटही. रेवसच्या वालांत हत्ती शिरण्याचा संभव किती तें वाचकांनींच ठरवावें, परंतु साहेबानें त्याचीही तजवीज केली. कुत्र्याचें नांव मात्र यादींत नाहीं. आमची शेळी बागेंत शिरली तर कोंडवाडा आणि दंड. बागेचें कुत्रें शेतांत शिरलें तर त्याला कोंडवाडाच नाहीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २९१ व्या कलमाप्रमाणें आपल्या ताब्यांतील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीला धोका होऊं नये इतकी काळजी जो घेत नाहीं, त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेच्या वाटेवर मोठें कुत्रें मोकळें सोडणाऱ्यानें हें कलम वाचून ठेवावें. बांधानें शाळेंत येणारीं आमचीं लहान मुलें कुत्रें दिसलें कीं पाटीदप्तरासह खाचरांत उड्या टाकतात आणि चिखलानें भरलेलीं वर्गांत येतात, हें आम्ही रोज पाहतों. पण शेळीचें काय? शेळी माणूस नव्हे. तिच्यासाठीं दिवाणी दावा. वकील, स्टँप, तारखा, आणि शेवटीं शेळीच्या किंमतीच्या कितीतरी पट खर्च. उलट शेतकऱ्यानें संतापाच्या भरांत कुत्र्याला ठार केलें, तर त्याच संहितेच्या ३२५ व्या कलमानें ५ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

ज्या विलायतेची नक्कल करण्यांत या मंडळींना भूषण वाटतें, तेथली चाल पाहावी. तेथेंही शेतांतून सार्वजनिक पाऊलवाटा आहेत आणि कुत्रीं घेऊन हिंडणारे लोक पुष्कळ. पण १९५३ पासून तेथें असा कायदा आहे कीं, शेतजमिनीवर कुत्र्यानें गुरांमेंढरांना सतावलें तर मालक गुन्हेगार ठरतो. मोकळ्या माळांवर फिरण्याचा हक्क २००० सालच्या कायद्यानें लोकांना दिला, त्याच कायद्यानें १ मार्चपासून ३१ जुलैपर्यंत कुत्र्याला आंखूड पट्ट्यांत धरण्याची अटही घातली. आणि १९७१ च्या कायद्याप्रमाणें, मेंढरांवर तुटून पडलेल्या कुत्र्याला थांबविण्यास दुसरा इलाजच नसेल तर शेतकऱ्यानें तें मारलें तरी त्याच्यावर भरपाईचा दावा टिकत नाहीं. आम्हांस कुत्रीं मारण्याचा परवाना नको. पट्टा पाहिजे.

म्हणूनच आमच्या कांहीं तापट बंधूंना स्पष्ट सांगतों कीं, बांधावर विषाचे गोळे टाकण्याची भाषा तोंडांतून काढूं नका. त्या गोळ्यानें बंगल्याचें कुत्रें मरेल कीं तुमच्याच शेजाऱ्याचें राखणीचें कुत्रें, कावळे, घारी, कोंबड्या मरतील, हें गोळ्याला कळत नाहीं. कुत्र्यानें आपला स्वभाव केला; पट्टा सोडला तो माणसानें. शिवाय तुरुंगांत जाल तुम्ही. आणि आपल्या दारचीं कुत्रीं लस दिल्यावांचून गांवभर हिंडत असतील तर बंगलेवाल्याकडे बोट दाखविणें शोभत नाहीं. जनावरांच्या दवाखान्यांत जाऊन आधीं तेवढें करून घ्यावें.

करावयाचें काम एकट्यानें होणारें नाहीं. एकटा गेला तर त्याच्या बायकोचें काम जातें, त्याच्या पोराची नोकरी जाते. ग्रामसभेचें नांव पुढें केलें तर कोणाचें एकट्याचें नांव पुढें येत नाहीं. येत्या ग्रामसभेंत ठराव मांडावा. त्यांत लिहावें कीं, गांवच्या हद्दींत कुत्रें घराबाहेर काढतांना गळ्यांत पट्टा व पट्ट्याला धरणारें माणूस असावें; कुत्र्यानें नकाशावरच्या पाऊलवाटेनेंच जावें, बाहेरकाठा आणि आंतकाठा यांवर त्याला नेऊं नये; लस टोंचल्याचा दाखला ग्रामपंचायतींत दाखवावा; घाण मालकानें उचलावी. जनावर जखमी झालें किंवा मेलें तर त्याच दिवशीं सरपंच, पोलीस पाटील आणि जनावरांचा डॉक्टर यांच्यासमक्ष पंचनामा व्हावा, आणि भरपाई ठरवितांना पोटांतलीं पिल्लें धरावीं. ठराव बंगल्याच्या मालकाच्या नांवें रजिस्टर टपालानें पाठवावा. पट्टा धरणाऱ्या पोराच्या हातीं देऊं नये.

ज्यांच्या वाटा भिंतीआड गेल्या आहेत त्यांनीं तलाठ्याकडून गांवनकाशाची नक्कल काढून ती तुटक रेषा कोठून जाते तें पाहावें, आणि अडथळा नवा असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमाखालीं तहसीलदाराकडे अर्ज करावा. मुदत अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांची आहे. ती टळूं देऊं नये, कारण भिंत बांधणाऱ्याच्या वकिलाला ती पाठ असते. भिंत जुनी असेल तर नक्कल घेऊन आमच्याकडे या. शाळा सुटल्यावर आम्ही घरींच असतों, अर्ज लिहून देऊं, त्याचा पैसा पडणार नाहीं. आणि ज्या गांवचा ठराव होईल त्यानें त्याची एक नक्कल आमच्याकडे पाठवावी, ती पुढच्या अंकांत गांवाच्या नांवासह छापूं.